दुसरी फाईल

शनिवार, रात्री साडेदहा

प्रिय सुमे,

दिवाळीत तुझा फोन आला, मी "उद्या करते गं" म्हणाले, आणि तो उद्या आज चार महिन्यांनी उगवतोय. रागव, तुझा हक्क आहे. तब्येत बरी आहे, थायरॉइडची गोळी चालू, आईचे गुडघे जसेच्या तसे. ते राहू दे. हे फोनवर सांगता येण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, "मग त्यात एवढं काय झालं?" तू तसं विचारणार नाहीस. तुला ती ४० जीबीची डिस्क आठवत असेल.

आधी पोरांचं सांगते. नववी-दहावीची मिळून आयटीची २२ मुलं आहेत माझ्याकडे. दिवाळीनंतर मी शनिवारची सेवा सुरू केली. पाबळच्या विज्ञान आश्रमात कलबागसरांनी १९८३ पासून जे करून दाखवलं तेच. शिकता शिकता गावाच्या उपयोगाचं काम करायचं, थोडे पैसे घ्यायचे, हिशेब लिहून ठेवायचा. वर्गात नेटवर्कचे सात थर फळ्यावर काढले की निम्मी पोरं खिडकीबाहेर बघतात. तीच पोरं ग्रामपंचायतीत नेली, फायबरच्या डब्यावरचा लुकलुकणारा लाल दिवा दाखवला आणि सांगितलं, "हा लाल आहे म्हणजे बाहेर कुठंतरी फायबर तुटलीय, इथला काँप्युटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही." पुन्हा सांगावं लागलं नाही. पिंगचंही तसंच, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून ओ येते का बघायचं. आधी स्वतःलाच हाक मारायची, १२७.०.०.१. मग दारातल्या राउटरला, मग वेशीबाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला, आणि शेवटी एखाद्या साइटला नावाने. जिथून ओ येत नाही, तिथं शोधायचं. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे राउटरने पत्ता दिलाच नाही, म्हणून मशीनने स्वतःच घेतलेला, हे सांगितल्यावर एक पोरगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, गायरानात झोपडी टाकल्यासारखं." तू असतीस तर बाकावर लोळून हसली असतीस.

आता बारक्या. हे वर्गातलं नाव, खरं नाव लिहीत नाही. दहावीत आहे, अंगठ्यावर क्रिम्पिंगच्या, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायच्या, ब्लेडचे दोन व्रण, आणि नजर अशी की बघतच राहावं. दूध संकलन केंद्रावर सकाळच्या गर्दीत पावत्या अडकायच्या. शेजारच्या सोसायटीच्या ऑफिसातून ६० मीटर केबल ओढलेली. दोघातिघांनी त्यांना नवा काँप्युटर घ्यायला सांगून झालं होतं. मी टेस्टर लावला, एक ते आठ दिवे ओळीने हिरवे लागले, मी केबल पास केली. हा मात्र कनेक्टर घेऊन दारात उन्हात गेला, पारदर्शक प्लास्टिकमधून एकेक रंग बघितला आणि तिथूनच ओरडला, "मॅडम, हिरवा पांढऱ्या-हिरव्याला चिकटून बसलाय!" कुणीतरी रंग दिसायला नीट लागतील तसे लावले होते. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, असे. केबलमधल्या आठ तारा दोन-दोनच्या जोडीने पिळलेल्या. आपल्या क्रमात तिसऱ्या नंबरवर पांढरा-हिरवा असतो आणि हिरवा थेट सहाव्यावर, कारण तीन आणि सहा ही एक जोडी. दोन्ही टोकांना सारखीच चूक असली की टेस्टर खूश. तार इकडून तिकडे पोचते का, एवढंच त्याला कळतं; कोण कुणाशी पिळलंय ते त्याला दिसत नाही. छोट्या केबलला ते खपूनही जातं, ६० मीटरला नाही. आम्ही दोन्ही टोकं कापून नवी लावली. त्यानंतर पावती एकदाही अडकलेली नाही. दूधवाल्यांनी पोरांना एकेक ग्लास मसाला दूध पाजलं.

हे एवढं लांबण लावून सांगतेय, कारण पुढचं याच नजरेनं घडलंय.

तीन आठवड्यांपूर्वी गावातल्या खतांच्या दुकानातून निरोप आला, प्रिंटर दिसत नाही. साधी गोष्ट. राउटर बंद-चालू झाला, प्रिंटरला दुसरा पत्ता मिळाला, काँप्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसला. बारक्या आणि त्याचा जोडीदार गेले. पत्ता कायमचा बांधून दिला, झालं. जोडीदार ड्रायव्हर टाकायला पेन ड्राइव्ह आणायला शाळेत आला, दुकानदार बाहेर गाडी खाली करून घेत होता. पडद्यावर उधारीचं खातं उघडंच. चाचणीला एक पान छापायचं म्हणून बारक्याने तेच छापायला घेतलं. इथपर्यंत त्याला कुणी बोल लावू शकणार नाही. मग त्याने शोधायचं कंट्रोल-एफ दाबलं आणि बापाचं नाव टाकलं.

८६ हजार. घरात बापाने ३० सांगितलेले. टोमॅटोने मार खाल्लेलं वर्ष, तुला सांगायला नको.

दोन दिवस पोरगा गप्प होता. तिसऱ्या दिवशी आई थोरलीच्या फीसाठी बचत गटातून कर्ज काढायला निघाली, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं. घरात काय झालं असेल ते मी लिहीत नाही. सोमवारी दुकानदार शाळेत. माणूस वाईट नाही गं, पेरणीला अर्धं गाव त्याच्याच दारात उभं असतं. म्हणाला, "बाई, आज यानं बापाचं बघितलं, उद्या शेजाऱ्याचं बघेल. मी कुणाकुणाला तोंड देऊ?" मला एक शब्द बोलता आला नाही.

वरून आदेश, सेवा बंद. कुणीतरी तर सुचवलं की आयटी कायद्याचं कलम ६६ वर्गात वाचून दाखवा, तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, म्हणजे पोरं सुतासारखी सरळ येतील. मी वाचून दाखवलं नाही. घाबरलेलं पोर केबलला हात लावणार नाही, नजर मात्र जाईल तिथं जाईलच.

बारक्याला एकट्याला बसवलं. आधी म्हणाला, "समोरच होतं मॅडम, मी शोधलं नाही." मी थांबले. बराच वेळ तो कनेक्टरची पिशवी चाळवत होता. मग खाली बघून, "शोधलं." आणि लगेच मान वर करून, "पण मी शोधलं नसतं तर आईनं कर्ज काढलं असतं."

सुमे, काय सांगायचं मी त्याला?

कारण हेच शब्द मी तुला २००६ मध्ये सुनावलेत. आपण कामाला होतो त्या दुकानात आलेल्या त्या डिस्कवरचे फोटो गिऱ्हाइकाला परत काढून दिले, फाईल उघडते का ते बघणं आपलं कामच होतं. पहिली फाईल मी कामासाठी उघडली. दुसरी उघडली ती आडनाव ओळखीचं वाटलं म्हणून. आणि मग ती पत्रं. तुला बघायला येणार होता त्याच माणसाने कोल्हापूरच्या त्या मुलीला लिहिलेली. मी धावत आले आणि कटिंग चहाच्या टपरीवर, चारचौघांत, तुला सांगून टाकलं. वाटलं, तू गळ्यात पडशील. तू म्हणालीस, "गिऱ्हाइकानं डिस्क फोटोंसाठी दिली होती." बस्स. आठ महिने बोलली नाहीस. मला तेव्हा वाटायचं, कृतघ्न आहे ही, मोडक्या लग्नातून वाचवलं आणि वर हिचा तोरा. २६ जुलैला रात्रभर त्या दुकानाच्या पोटमाळ्यावर एका शालीत बसलेल्या आपण, आणि वर्षभरात ही गत. खरं सांगते, तुझ्या त्या वाक्याचा अर्थ मला दुकानदार समोर उभा राहिला तेव्हा कळला.

बारक्याचा बाप परवा शाळेच्या फाटकाशी आला. आत ये म्हटलं तर आला नाही. टोपी हातात घेऊन म्हणाला, "त्याला काम शिकवा मॅडम. पोरगं हुशार आहे." आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी आपलं काहीतरी सुरू केलंय. कुठंही गेलं की मालकाने स्वतः सगळं बंद करून द्यायचं, मग आपण हात लावायचा. एकट्याने बसायचं नाही. चाचणीला कोऱ्या पानावर स्वतःचंच नाव छापायचं. पासवर्ड मालकानेच टाकायचा, तेवढा वेळ आपण पाठ करून उभं राहायचं. ही पाठ फिरवण्याची तालीम वर्गात घेतली तर पोरांनी एक-साथ-पीछे-मूड करून दाखवलं, आणि बारक्या सगळ्यांत आधी वळला. तो हसला नाही. दुकानदाराकडे मी त्याला घेऊन गेले, त्याने माफी मागितली, दुकानदार "बरं बरं" म्हणाला आणि सोयाबीनचं बी तोलत राहिला. सेवा परत सुरू करायची परवानगी मिळालेली नाही. मी अर्ज दिलाय, दूध केंद्राने त्यावर सही केलीय.

पण हे सगळे नियम झाले. क्रिम्पिंग शिकवताना मीच तीन महिने त्याला सांगत आलेय, "नीट बघ, दिवे लागले म्हणून सोडू नको, आत बघ." आता कुठल्या तोंडाने सांगू की इथं बघ आणि तिथं नको? तो मला विचारणार आहे, आणि त्याची आईही. तिचं कर्ज वाचलंय.

तुझी बडोद्याची बदली झाली का पक्की? सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं हे ताईकडून कळलं. चिरंजीव दहावीला ना या वर्षी, त्याला गणिताचं टेन्शन देऊ नको, ते तुझ्याकडूनच गेलंय त्याच्यात. भावोजींना नमस्कार. आणि तुझं हिरव्या दांड्याचं क्रिम्पिंग टूल माझ्याकडेच आहे, बारक्या त्याशिवाय दुसरं हातात धरत नाही, तेव्हा परत मागायचं नाही.

एकच विचारायचंय. आठ महिने तू बोलली नाहीस, आणि नवव्या महिन्यात एका रविवारी आपणहून फोन केलास, "डोसा खायला येतेस का" म्हणून. मी कधी विचारलं नाही. काय झालं होतं त्या रविवारी? मी माफी तर मागितली नव्हती. ते जमेल तेवढं सविस्तर लिही. फोन करू नको, लिहीच. पोरगा सोमवारी परत समोर बसणार आहे.

तुझीच,
मंदी

ता. क. : ती पत्रं मी कोल्हापूरपर्यंतच वाचली होती. पुढची उघडली नव्हती. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, आज सांगते.