संध्याकाळी सहानंतरचे केंद्र कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात वर्धा रोड, बेसा, हिंगणा या बाजूला भाड्याच्या बंगल्यांवर ‘स्मृतिभ्रंश रुग्णांसाठी निवासी सेवा’ अशा पाट्या अलीकडे बऱ्याच दिसतात. छोट्या जाहिरातींतही त्या असतात. घरच्यासारखी काळजी, २४ तास नर्सिंग, सीसीटीव्ही, शुद्ध शाकाहारी जेवण. यातला शब्द न शब्द खरा असेलही. पण तो खरा आहे का, हे जाऊन बघणारी आणि बघितलेले लोकांपुढे मांडणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, आमचे दादा, रेल्वेत गार्ड होते. मोठ्या जाऊबाई गेल्या, मुलगा परदेशात, आणि दादांचा आजार आम्हा नवरा-बायकोच्या हाताबाहेर गेला, तेव्हा त्यांना आधी एका केंद्रात ठेवले आणि तिथून काढून दुसऱ्या केंद्रात नेले. (‘सख्ख्या माणसाला बाहेर ठेवले’ म्हणणारे नातेवाईक आमच्याकडेही आहेत. त्यांच्यातल्या एकानेही रात्रीची पाळी मागितली नाही.) दोन्ही केंद्रांची नावे मी लिहीत नाही. भांडण कुणा एकाशी नाही.

या आजाराची गोम अशी की ज्याची सेवा चालली आहे तोच साक्ष देऊ शकत नाही. पोटभर वरण-भात खाऊन उठलेले दादा अर्ध्या तासात मला सांगतात, ‘सकाळपासून उपाशी आहे.’ त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या आजी दुपारचे ताट तसेच परत गेले तरी ‘झालं बाई जेवण, मस्त होतं’ म्हणतात. तक्रार आहे म्हणून सेवा वाईट नसते, आणि तक्रार नाही म्हणून चांगलीही नसते. मग उरतात नातेवाईक. ते येतात रविवारी सकाळी, जेव्हा सगळ्यांची दाढी-आंघोळ झालेली असते, केस विंचरलेले असतात आणि हॉलमध्ये भजन चालू असते. इंटरनेटवर पाच-पाच तारे देणारे हेच. त्यांचे आभार खोटे नसतात, पण त्यांच्या मनात एक धाकही असतो: फार बोललो आणि उद्या ‘तुमचा पेशंट घेऊन जा’ म्हणाले तर कुठे न्यायचे? हा धाक मी स्वतः अनुभवला आहे.

म्हणून कुणी मला विचारले, केंद्र कसे पारखायचे, तर मी सांगते की सकाळी जाऊच नका. दिवेलागणीला जा. या आजारात संध्याकाळ झाली की अनेकांचा जीव कासावीस होतो. येरझाऱ्या सुरू होतात, ‘घरी जायचंय’ सुरू होते, कुणी रडते, कुणी अंगावर धावते. डॉक्टर मंडळींना हे चांगले ठाऊक आहे. आणि नेमकी हीच वेळ दिवसपाळी संपून रातपाळी सुरू होण्याची.

आमच्या दादांचे संध्याकाळी ठरलेले असते. ते उठतात, शर्टाची बटणे लावतात, दाराशी जातात आणि विचारतात, ‘माझी पेटी चढवली का?’ गार्डची लोखंडी पेटी, ज्यात झेंड्या, दिवा, कागदपत्रे असत, ती गाडीला चढल्याशिवाय त्यांची ड्युटी सुरूच होत नसे. पहिल्या केंद्रात उत्तर मिळे, ‘कुठली पेटी? कायले उठून राहिले आजोबा, बसा ना गप!’ मग दादांचा आवाज चढे, तिथल्या कर्मचाऱ्याचा चढे, आणि शेवटी गोळी. दुसऱ्या केंद्रात रातपाळीला भंडाऱ्याकडची एक मावशी आहे. ती म्हणते, ‘चढवली साहेब. गाडी लेट आहे, तोवर चहा घ्या.’ दादा बसतात. चहा होतो. थोड्या वेळाने पुन्हा उठतात, ती पुन्हा तेच सांगते, तितक्याच शांतपणे. औषधाच्या दुकानात न मिळणारी ही गोष्ट आहे, आणि ती शिकवता येते. त्या मावशीला कुणीतरी शिकवली आहे, मी विचारून घेतले.

गोळीचा विषय आला म्हणून सांगते. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन ही मनोविकारांवरची औषधे कधी कधी द्यावी लागतात, हे मला नाकारायचे नाही. पण स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. तेव्हा गोळी कुणी लिहिली, कशासाठी लिहिली, पुन्हा कधी तपासली, हे कागदावर असलेच पाहिजे. पहिल्या केंद्रात मी औषधांचा तक्ता मागितला तर ‘मॅडम, सगळं डॉक्टरसाहेबांच्या फोनवर आहे’ असे उत्तर आले. भर दुपारी चार वाजता हॉलमधले सगळे खुर्चीत मान टाकून झोपलेले असतील, तर त्याला शांत वातावरण म्हणू नये. एकदा तिथे एका आजोबांना ओढणीने खुर्चीला बांधलेले पाहिले. कारण विचारले तर ‘पडतात ना, आणि आज माणूस कमी आहे.’ मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे ९७ वे कलम सांगते की तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करूनच रुग्णाला जखडता येते. केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून तर नाहीच नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. हे म्हटले की केंद्रचालक सांगतात, ‘आमचं मनोरुग्णालय नाही, वृद्धाश्रम आहे.’ आणि वृद्धाश्रमाचे नियम विचारले की ‘आमचे तर पेशंट आहेत.’

आता नागपूरचे खास. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. म्हातारपणी तहान आधीच कमी लागते. या आजारात ती लागली तरी सांगता येत नाही, समोरचा पेला पाणी पिण्यासाठी आहे हेही काहींना उमगत नाही. पाणी कमी पडले की लघवीला जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते, आणि म्हाताऱ्या माणसात त्याचे पहिले लक्षण बरेचदा ताप नसतेच. माणूस एका दिवसात भलतेच बरळू लागतो किंवा सुस्तावतो. घरचे आणि केंद्राचे लोक म्हणतात, ‘आजार वाढला.’ गोळी वाढते. खरे तर लघवीची तपासणी आणि चार दिवसांचे नीट उपचार एवढेच हवे असते. पहिल्या केंद्रात पाण्याच्या बाटल्या कपाटावर ठेवलेल्या असत, ‘सांडतात म्हणून’. कूलर दणक्यात चालू असे, त्यामुळे भेटायला आलेल्यांना बरे वाटे. दुसऱ्या केंद्रात उन्हाळ्यात मावशी तासातासाने ताक, पन्हे, लिंबू सरबत हातात देते आणि घोट घेईपर्यंत समोर उभी राहते. कूलर तिथेही तसाच, खडखडणारा.

शिवाय वजनाचा काटा बघावा. आहे का, आणि असला तर त्यावर धूळ किती आहे. दर महिन्याचे वजन लिहिलेली वही मागावी. जेवण भरवले जाते की नुसते पुढे ठेवले जाते, ते या वहीत उतरते. खाटेला खिळलेल्या रुग्णाची चादर बाजूला करून टाचा आणि माकडहाड बघावे. दर दोन तासांनी कूस बदलली जात नसेल तर कातडीच सांगते. कवळ्या आणि चष्मे ज्याचे त्यालाच आहेत का, तेही बघावे. हसू नका, दादांच्या नाकावर मी परक्या माणसाचा चष्मा पाहिला आहे. आणि रात्री किती कर्मचारी ‘असतात’ हे विचारू नये, किती ‘जागे असतात’ ते विचारावे. इमारतीच्या दिमाखाने मात्र फसू नये. दादांच्या आताच्या केंद्राची फरशी जुनीच आहे. पण संडासाची सगळी दारे पिवळीजर्द रंगवली आहेत, आणि त्यामुळे रात्री त्यांना वाट सापडते.

पण हे सारे मला दिसते ते ४ वॉर्डांची ड्युटी करून डोळा तयार झाला म्हणून. ज्या मुलीने आयुष्यात ड्रेसिंग पाहिले नाही, तिने आईसाठी केंद्र निवडताना हे कुठून शोधायचे? हे काम शासनाचे आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रमाची गोष्ट आहे, खासगी केंद्रांच्या दर्जाची नाही. खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा आणू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर झालेच नाही, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळले. गंमत अशी की त्याच २०२४ साली महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली काढली. दारांची रुंदी, लिफ्ट, न घसरणारी फरशी, सगळे त्यात आले. धडधाकट ज्येष्ठाला फ्लॅट विकताना बिल्डरला नियम आहेत. ज्याला स्वतःचे नाव आठवत नाही त्याला भाड्याच्या बंगल्यात ठेवताना नाहीत.

प्रश्न मूठभरांचा म्हणावा तर तसेही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. एका मुलाच्या, एका मुलीच्या घरांतून हे वृद्ध येणार आहेत आणि मुले पुण्या-बंगळुरूला असणार आहेत.

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही यंत्रणा अशा केंद्रांची तपासणी करते, चार श्रेणींपैकी एक देते, आणि ती श्रेणी केंद्राला दर्शनी भागात लावावीच लागते. पूर्ण अहवाल कुणालाही घरबसल्या वाचता येतो. तिथेही गैरप्रकार घडतात, पण घडले की लेखी राहतात. आपल्याकडे तपासणी म्हटली की केंद्रचालक ‘इन्स्पेक्टर राज’ म्हणतात, आणि ही भीती अगदीच खोटी नाही. पाकीट घेऊन सही करणारा अधिकारी आला तर चांगली लहान केंद्रे आधी बंद पडतील. म्हणूनच नुसत्या परवान्यात मला रस नाही. अहवाल मराठीत, संकेतस्थळावर, तपासणाऱ्याच्या नावासह लागला पाहिजे. तो वाचून शंभर कुटुंबे त्याच केंद्रात जातील आणि खोटेपणा कधी ना कधी उघडा पडेल. तपासणी न सांगता, आणि संध्याकाळी सहानंतर व्हावी. सोबत एखादी अनुभवी परिचारिका असावी. निवृत्त परिचारिका नागपुरात कमी नाहीत, आणि घरी बसून आम्ही तरी काय मोठे करतो?

आणि त्या मावशीबद्दल एक. महिन्याला तीस हजारांच्या घरात फी घेणाऱ्या केंद्रातही बारा-बारा तासांची ड्युटी करणाऱ्या बाईच्या हाती त्यातले फार थोडे पडते. चांगली मावशी चार-पाचशे रुपये जास्त मिळाले की दुसरीकडे जाते, आणि रुग्णाला पुन्हा नवा चेहरा, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अहवालात कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, त्यांचे कामाचे तास आणि वर्षभरात किती जण सोडून गेले, हेही यावे.

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. व्याख्याने होतील, फलक लागतील. यंदा त्या आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयाने, समाजकल्याण विभाग आणि महापालिकेला सोबत घेऊन, जिल्ह्यातल्या अशा सगळ्या केंद्रांची यादी तरी संकेतस्थळावर लावावी: नाव, पत्ता, खाटा, कोणत्या कायद्याखाली नोंदणी, आणि रात्री जागे असणारे कर्मचारी. कायदा होईल तेव्हा होवो, यादीसाठी कायदा लागत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर