बॅटरीची निवड गाडी बंद पडण्याआधी व्हावी

महोदय,

उन्हाळा सरून पावसाळा लागला की ठाण्यातील मोठ्या गृहसंकुलांच्या तळघरातील पार्किंगमध्ये सकाळी एक देखावा हमखास दिसतो. कोणाची तरी गाडी बॉनेट उघडून उभी असते, सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते, मुलांच्या शाळेची किंवा कार्यालयाची वेळ टळत असते आणि मालक फोनवर मिळेल त्या दुकानदाराला ‘कोणतीही चालेल, पण लगेच पाठवा’ असे सांगत असतात. चार-पाच हजार रुपयांची आणि पुढील तीन-चार वर्षे जिच्यावर भिस्त ठेवायची अशी वस्तू आपण घायकुतीला येऊन घेतो. मीही तशीच घेतली होती. म्हणूनच बॅटरीची निवड, निदान तिचे माप, गाडी बंद पडण्याआधीच ठरलेले असावे, हे मी आपल्या वाचकांपुढे आग्रहाने मांडू इच्छितो.

मी कोलशेत रस्त्याला राहतो आणि माझ्याकडे लहान पेट्रोल गाडी आहे. काही वर्षांपूर्वी घरपोच सेवा देणाऱ्या एका दुकानाने ‘या गाडीला हीच लागते’ असे सांगून जी बॅटरी बसवली, ती मूळ बॅटरीपेक्षा लांबीला आखूड होती आणि तिची टर्मिनले उलट बाजूंना होती. धन टर्मिनलाची केबल ताणून कशीबशी पोहोचवली गेली, आणि बॅटरी जागेवर आवळून धरणारी वरची पट्टी घट्ट बसेना म्हणून बाजूला रबराचा तुकडा खोचला गेला. गाडी चालू झाली या आनंदात मी पैसे दिले. त्यानंतर घोडबंदर रस्त्याच्या खड्ड्यांतून रोज जाता-येता ती बॅटरी जागच्या जागी हलत राहिली. चौदाव्या महिन्यात टर्मिनलाच्या बुडाशी केसाएवढी चीर दिसली. तिच्यातून आम्ल पाझरून खालच्या पत्र्याचा रंग सुटला होता आणि तिथे गंज धरला होता. वॉरंटी मागायला गेलो, तर बाहेरून तडा गेलेल्या बॅटरीला वॉरंटी लागू होत नाही, असे उत्तर मिळाले. वॉरंटी कार्डावर तसे छापलेले होते, हे मी मान्य करतो. परंतु चुकीच्या मापाची बॅटरी कोणी बसवली, हे मात्र कोणत्याही कागदावर नव्हते.

तेव्हापासून मी पहिल्यांदा माप पाहतो. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत ‘३८ बी २० एल’ अशा खुणेची बॅटरी असते. यातील ३८ हा आकडा पुष्कळांना अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते याचे माप वाटतो, पण तो कामगिरीचा निर्देशांक आहे. या बॅटरीची क्षमता साधारणपणे ३५ अँपिअर-अवर असते. ‘बी’ हे अक्षर रुंदी आणि उंचीचा गट सांगते, २० म्हणजे सेंटिमीटरमधील अंदाजे लांबी, आणि शेवटच्या ‘एल’ किंवा ‘आर’ या अक्षरावरून टर्मिनले कोणत्या बाजूला आहेत ते कळते. त्या एका अक्षरात चूक झाली की केबल पोहोचत नाही, किंवा पोहोचली तरी धन टर्मिनल पट्टीच्या अगर बॉनेटच्या पत्र्याच्या फार जवळ येते, आणि तिथे स्पर्श झाला तर ठिणगी पडून आगीचा धोका उद्भवतो. युरोपीय धाटणीच्या गाड्यांत डीआयएन, म्हणजे जर्मन मानकाच्या मापाच्या बॅटऱ्या असतात. त्या उंचीला बुटक्या असून बहुधा तळाच्या कडेला धरून आवळलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या जागी दुसरी पद्धत चालतच नाही. आपल्या गाडीची खूण शोधायला पाच मिनिटे पुरतात. गाडीसोबतची पुस्तिका पाहावी, बॅटरीवरचे लेबल पाहावे, आणि गाडी जुनी घेतलेली असेल तर दोन्ही एकमेकांशी जुळतात का तेही पाहावे, कारण आधीच्या मालकानेही हीच चूक केलेली असू शकते.

ज्या गाड्यांचे इंजिन सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होते, त्यांच्या मालकांनी विशेष जपावे. अशा गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, म्हणजे इंजिन वारंवार चालू करण्यासाठीच बनवलेली बॅटरी लागते आणि ती महाग असते. माजिवडा ते गायमुख एवढ्या अंतरात तिला किती वेळा इंजिन चालू करावे लागते, याचा विचार केला, तर साधी बॅटरी तिथे लवकर का दम तोडते हे सांगावे लागणार नाही.

क्षमतेबद्दल दुकानात एक मोठा आकडा पुढे केला जातो, तो थंडीत इंजिन फिरवण्याच्या ताकदीचा, म्हणजे सीसीएचा. ही चाचणी उणे १८ अंश सेल्सिअसला घेतात. पुस्तिकेत सांगितलेला आकडा गाठला जात असेल, तर त्याहून बऱ्याच मोठ्या आकड्यासाठी ठाण्यात किंवा नवी मुंबईत जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्याकडे बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. तापलेल्या इंजिनाशेजारी आतील पाणी उडते आणि प्लेटांच्या जाळ्या झिजतात. उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी मग पावसाळ्यात वायपर, दिवे आणि काचेवरचे धुके घालवणारा पंखा यांचा भार एकदम आला की बसते. ज्या बॅटऱ्यांना झाकणे असतात, त्यांची पातळी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी घालू नये आणि आम्ल तर कधीच नाही.

माप जमल्यावर उत्पादनाची तारीख पाहावी. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याचकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. फळीवर पडून राहिलेली बॅटरी हळूहळू उतरत असते, आणि उतरलेल्या अवस्थेत फार दिवस राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर धरतो, जो नंतर चार्ज करूनही पुरता निघत नाही. तीन महिन्यांहून जुनी बॅटरी मी घेत नाही. तारीख सांकेतिक अक्षरांत असते, म्हणून दुकानदाराला तिचा अर्थ विचारावा आणि तो बिलावर लिहून घ्यावा. दुसऱ्या खेपेला मी नौपाड्यातील दुकानात स्वतः गेलो आणि बसवण्याआधी मीटर लावायला सांगितले. पहिल्या बॅटरीने १२.३ व्होल्ट दाखवले. नवी, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. दुकानदाराने काहीही न बोलता ती परत ठेवली आणि आतून दुसरी आणली, जिने १२.७ दाखवले. किंमत दोन्हींची एकच होती.

नवी बॅटरी घेण्याआधी जुनी खरोखर गेली आहे का, याचीही शहानिशा व्हायला हवी. टर्मिनलांवर साचलेली हिरवट-पांढरी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून साफ केल्याने सुरू झालेल्या गाड्या मी आमच्याच आवारात पाहिल्या आहेत. इंजिन चालू असताना मीटर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवत नसेल, तर दोष अल्टरनेटरमध्ये (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रात) किंवा त्याच्या पट्ट्यात असण्याचा संभव जास्त, आणि मग नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल. (अलीकडच्या काही गाड्यांत संगणक हा दाब मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यांच्यासाठी माहीतगार ऑटो इलेक्ट्रिशियन गाठावा.) आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीची बॅटरी पुरती भरतच नाही, आणि त्यात डॅशकॅम रात्रंदिवस चालू ठेवलेला असेल तर बॅटरीला बोल लावण्यात अर्थ नाही.

वॉरंटीच्या बाबतीत डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नये. ‘४८ महिने’ याचा अर्थ बहुतेक वेळा निम्मा काळ मोफत बदली आणि उरलेल्या काळात प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर घटत जाणारी सवलत, असा असतो. छापील किंमत आणि बाजारातील दर यांत इतके अंतर असते की शेवटच्या महिन्यांतील ती सवलत अनेकदा नावापुरतीच उरते. म्हणून मी भागाकार मोफत बदलीच्या महिन्यांनीच केला. एक बॅटरी ४,२०० रुपयांना होती आणि तिला १८ महिने मोफत बदली होती. दुसरी ५,००० रुपयांना होती आणि तिला २४ महिने. पहिलीचा महिन्याचा खर्च सुमारे २३३ रुपये पडला, दुसरीचा २०८. मी दुसरी घेतली. गाडी भाड्याने चालवणाऱ्यांनी वेगळी चौकशी करावी, कारण व्यावसायिक वापरासाठी वॉरंटीची मुदत सहसा कमी असते.

हे दोन्ही दर जुनी बॅटरी परत देण्याच्या अटीवर होते, आणि ते आधी विचारले नसते तर मला कळलेही नसते. जुन्या बॅटरीच्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, त्यामुळे तिला पैसा आहे. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला ती देऊन चार पैसे जास्त मिळतीलही, पण उघड्यावर फोडलेल्या बॅटरीचे शिसे आणि आम्ल शेवटी कोणाच्या तरी वस्तीच्या मातीत आणि नाल्यात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी टाकाऊ बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून योग्य ठिकाणी सोपवण्याचे कर्तव्य ग्राहकांवर.

ठाणे आणि नवी मुंबईतील बॅटरी विक्रेत्यांना आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती आहे की, त्यांनी प्रत्येक बिलावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: बॅटरीची पूर्ण खूण, उत्पादनाचा महिना, बसवतानाचा व्होल्टेज आणि मोफत बदलीची मुदत. जुनी बॅटरी देऊन आणि न देता, असे दोन्ही दर दुकानात लावावेत. प्रामाणिक दुकानदाराला यात एका मिनिटाचे काम आहे, आणि माझ्या हाती असे बिल असते तर तडा गेलेली ती बॅटरी घेऊन मला हात हलवत परतावे लागले नसते.

आपला नम्र,
एक वाचक,
कोलशेत रस्ता, ठाणे (पश्चिम)