नॉर्वे-स्वीडनवाले लगेच मिसळले, हे खरं नाही

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला स्थलांतरितांवरचा लेख वाचला. त्यात असं म्हटलंय की एकोणिसाव्या शतकात नॉर्वे-स्वीडनहून अमेरिकेत गेलेले लोक लगेच तिथलेच होऊन गेले म्हणून त्यांना कुणी त्रास दिला नाही, ते वाचून राहवलं नाही. मुलगी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात असते, तिच्याकडे दोनदा राहून आलोय आणि तिथल्या लायब्ररीत बसून यावर बरंच वाचलंय.

त्रास कमी झाला हे मान्य, पण कारण वेगळं. १८५० च्या दशकात ‘नो नथिंग’ नावाच्या स्थलांतरितविरोधी पक्षवाल्यांनी बाहेरून आलेल्यांविरुद्ध रान उठवलं तेव्हा त्यांचा मेन राग आयरिश कॅथलिकांवर होता, नॉर्वे-स्वीडनवाले पडले लुथरन प्रोटेस्टंट, त्यामुळे बरेचसे सुटले. शिवाय मिनेसोटाला माणसं हवीच होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात (वसून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) १६० एकर जमीन मिळायची, त्यासाठी नागरिक असायची पण गरज नव्हती, व्हायचंय एवढं लिहून दिलं की झालं, आणि तेवढ्यावर मिनेसोटात १८९६ पर्यंत मतदानसुद्धा करता यायचं! १८६७ ला राज्याने इमिग्रेशन बोर्ड काढलं, त्याचा सेक्रेटरी हान्स मॅटसन स्वतः स्वीडिश (हाच माणूस पुढे १८८१ मध्ये अमेरिकेचा कॉन्सुल जनरल म्हणून आपल्याकडे कलकत्त्याला आला होता). म्हणजे सरकारच बोलावत होतं. आणि ती जमीन मोकळी पडली नव्हती हो, तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांची होती, त्यांच्याशी झालेल्या १८६२ च्या युद्धानंतर १८६३ मध्ये कायदा करून त्यांना राज्याबाहेर हाकललं. लेखात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आता नॉर्वे-स्वीडनवाल्यांच्या मिसळण्याचं. चर्च त्यांच्या भाषेत, पेपर त्यांच्या भाषेत, शिकागोचा नॉर्वेजियन ‘स्कांदिनाव्हेन’ तर १८६६ पासून निघायचा. १८८९ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने बेनेट कायदा आणला, शाळेत मुख्य विषय इंग्रजीतूनच शिकवायचे, त्यावर जर्मन लोक तर भडकलेच पण नॉर्वेजियन लुथरन पाद्रीही विरोधात गेले, १८९० च्या निवडणुकीत रिपब्लिकन गव्हर्नर होर्ड पडले आणि १८९१ ला कायदाच रद्द झाला. शेजारच्या मिनेसोटात १८९२ मध्ये त्याच रिपब्लिकन पक्षाने नॉर्वेत जन्मलेल्या नूट नेल्सनला उभं केलं आणि तो गव्हर्नर झाला. भाषा सोडली म्हणून नाही, मतं होती म्हणून विचारलं.

अजून एक. १८८२ या एका वर्षात स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क मिळून लाखाच्या वर माणसं अमेरिकेत उतरली आणि त्याच वर्षी चिनी मजुरांना यायला बंदी घालणारा कायदा झाला. मिसळणं एवढा एकच निकष असता तर हे दोन्ही एकाच वर्षी कसं झालं असतं? लेखकांनी पुढच्या भागात यावर लिहावं ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली