पहिल्या पावसात छत्री घेऊन बाहेर ये

दांडिया बाजार, बडोदे
४ मे

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, की बेडरूमच्या वरच्या कोपऱ्यात पिवळा डाग आलाय आणि रंगारी म्हणतो, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले की काम झालं. तेव्हापासून मला चैन नाही. इतकी वर्षं फ्लॅटमध्ये काढलीस. गच्ची कोण बघतं, टाकी कोण धुतं, ते सोसायटीवर होतं. तळेगावचं हे घर मात्र तुझं एकट्याचं आहे. त्या रंगाऱ्याला आधी थांबव. पाणी वर कुठून शिरतंय ते सापडल्याशिवाय आतून रंग चोपडलास, तर ओल भिंतीतच कोंडेल, गिलाव्याला लोणा धरेल आणि दिवाळीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटायला लागतील.

आमची गच्ची तुला आठवत असेलच. चायना मोझॅकची, उन्हाळ्यात पाणी शिंपून आपण जिच्यावर झोपायचो ती. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला. सगळं गाव विश्वामित्रीकडे डोळे लावून बसलं होतं, रस्त्यावर मगरी आल्याचे व्हिडिओ फिरत होते. आमच्याकडे नदी आली नाही, पाणी वरून आलं. माडीवरच्या खोलीत टपटप ऐकू आली म्हणून गच्चीवर गेलो, तर पोटरीपर्यंत पाणी. चाचपडत कोपऱ्यातल्या पाइपच्या तोंडात हात घातला. बोटांना केसांच्या गुंतवळासारखं काहीतरी लागलं. ओढलं, तर येतच राहिलं. गुलाबी मांजा, पतंगाच्या काड्या, चिकटपट्टी, कबुतरांची पिसं, आणि सगळ्याला चिखलाचा लेप. उत्तरायणातला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीतला कचरा जानेवारीपासून तिथेच बसून होता. मांजाने दोन बोटं कापली, पण गुंता सुटला आणि पाइपने मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला.

तोवर खाली आईच्या लाकडी पेटीवर पाणी ठिबकून गेलं होतं. तिला माहेरून आलेली पत्रं, बाबांचं पदवीचं प्रमाणपत्र, सगळं एकमेकांना चिकटून लगदा झालं. ते आता परत मिळणार नाही. म्हणून तुला फोन न करता बसून लिहितोय.

नंतर मी हिशेब केला. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर सहा इंच पाणी साचलं, तर ते सुमारे ७,००० लिटर होतं, म्हणजे सात टन! एका मुठीएवढ्या गुंत्यापायी स्लॅबवर एवढं ओझं. तेव्हा मे महिन्यातलं पहिलं काम गच्चीचं. ती स्वतः झाड, माणसावर सोपवू नकोस. प्रत्येक पाइपच्या तोंडावर घुमटासारखी उभी जाळी बसव. सपाट जाळीवर एक पान आडवं पडलं तरी पाणी अडतं. मग वरून बादलीभर पाणी ओत आणि खाली उभं राहून बघ, किती वेळात येतं. नुसती बारीक धार लागून राहिली, तर मधे काहीतरी अडकलंय.

कठड्याच्या खाली, जिथे तो गच्चीला मिळतो, तिथली रेघ बोटाने तपासत जा. बहुतेक गळती तिथूनच होते. तडा दिसला, तर वरवर सिमेंट फासू देऊ नकोस. आमच्या जुन्या कडियाने, म्हणजे गवंड्याने शिकवलं, की तडा आधी छिन्नीने उघडायचा, धूळ काढायची, ओला करायचा, आणि मग पॉलिमर घातलेला मसाला दाबून भरायचा. कठड्याच्या भेगेत पिंपळाचं रोप उगवलं असेल तर दोन पानांचं असतानाच मुळासकट उपट. नुसतं खुडलंस तर वरून काही दिसणार नाही, आत मूळ मात्र जाड होत राहील.

छताच्या खालच्या बाजूला गिलावा फुगला असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर ते टाळू नकोस. पाणी लोखंडापर्यंत पोचलं की लोखंड गंजतं. गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतूनच फुटतं. हे काम जाणकार इंजिनिअरला दाखवूनच कर.

आणि एक गोष्ट माझ्यासाठी कर. पहिला मोठा पाऊस लागला की घरात भजी खात बसू नकोस. छत्री घे आणि घराभोवती एक फेरी मार. कुठल्या पाइपची धार भिंतीवर उडते, कुठे पाणी जोत्याला चिकटून उभं राहतं, शेजारच्याचं पाणी तुझ्याकडे वळतं का, हे सगळं त्या पंधरा मिनिटांत दिसतं. कोरड्या दिवशी कितीही हिंडलास तरी दिसणार नाही. २०१९ नंतर मी एकही वर्ष चुकवलेलं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. तिची धोक्याची पातळी २५ फूट आहे, यावरून काय झालं असेल ते समज. समा भागात राहणाऱ्या मावशीच्या जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं. ती उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने दोनदा धुतली, तेव्हा कुठे वापरात आली. तुझ्याकडे नदी नाही, पण टाकीच्या झाकणाची कड जमिनीपासून अर्धा फूट तरी वर आहे ना, एवढं बघ. अंगणातलं पाणी आत जायला पूर लागत नाही. मेन बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका असेल, त्यावर टेस्टचं बटण असतं. ते दाब. खटका तिथल्या तिथे पडला पाहिजे. नाही पडला तर इलेक्ट्रिशियन त्याच दिवशी बोलव. ओल्या भिंतीत करंट उतरला, तर जीव वाचवणारा तोच खटका आहे.

पावसाळ्यात दारं फुगतील, लागणार नाहीत. वहिनी म्हणतील सुताराला बोलवा. आत्ताच सांगून ठेवतो, भर पावसात दार रंधून घेऊ नकोस. हिवाळ्यात ते आक्रसेल आणि फट कायमची राहील. दिवाळीपर्यंत थांब, तेव्हाही अडत असेल तर मग रंधा. रंगाचं कामही दसरा-दिवाळीनंतरच, भिंती खडखडीत वाळल्यावर. आमच्या ओसरीच्या सागवानी खांबांना मी तेव्हाच जवसाचं तेल लावतो. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर उघड्या हवेत पसरून वाळव. चौकटीवर मातीची बारीक नळी चढताना दिसली, तर ती वाळवी. नुसती पुसून टाकलीस तर ती दुसरीकडून चढेल. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध भरून घे.

उत्तरायणाला इकडे ये. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे १५ जानेवारीच्या संध्याकाळी मी आणि मुलं पोतं घेऊन गच्ची साफ करतो. झाडावरचा मांजाही काठीने उतरवतो, पक्ष्यांचे पाय अडकतात त्यात. तू आलास तर आणखी एक माणूस मिळेल आणि रात्री उंधियू मिळेल.

त्या डागाभोवती आजच पेन्सिलने रेघ मार आणि तारीख लिही. पहिल्या पावसानंतर तो रेघेबाहेर गेला का, किती गेला, ते मला लगेच कळव. मग कडियाला काय सांगायचं ते ठरवू.

काकूंना शि. सा. नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
अण्या