तीन खाचा

प्रिय बंड्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मगच पुढे वाच. आठ महिने झाले, तुझे तीन मेसेज तसेच पडलेत, वाढदिवसाला मी नुसता अंगठा पाठवला आणि त्या अंगठ्याचं मला अजून वाईट वाटतंय. खरं कारण सांगतो. तू पाइप ओढणं सोडलंस आणि मला कळेना आता तुझ्याशी बोलायचं काय. म्हणजे हजार विषय आहेत रे, पण आपण दोघं बसलो की दहाव्या मिनिटाला गाडी पाइपवर यायचीच, आणि ज्याने एवढ्या कष्टाने सोडलाय त्याच्यापुढे तंबाखूचं नाव काढणं मला बरं वाटेना. म्हणून गप्प बसलो. चुकलं.

पण काल जे झालं ते तुला नाही सांगायचं तर कोणाला? सुमाला सांगितलं, ती "अरे बापरे" म्हणाली, मनापासून म्हणाली, पण तिला त्या खाचांचं काय कळणार.

काकूंनी खोका पाठवलाय. अप्पांचा. अकरा पाइप, प्रत्येक जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला, वरून दोरा, दोऱ्याला अप्पांचीच ती उलटी गाठ. म्हणजे बांधून त्यांनीच ठेवले होते, काकूंनी फक्त खोक्यात भरले. आणि सगळ्यात खाली तो. आपला टोरोंटोवाला. ब्रिघम कंपनीचा, स्टेमवर, म्हणजे तोंडात धरायच्या नळीवर, तीन पितळी ठिपके. तुला आठवतंय ना, तू ते ठिपके शोभेचे आहेत म्हणून छातीठोक सांगितलं होतंस आणि अप्पांनी तुला अर्धा तास झापलं होतं की अरे गाढवा, ती प्रतवारी आहे, एक ठिपका साधा, सात ठिपके सगळ्यात वरचा. मग तू विचारलंस, "मग तुमचा नापास का?" आणि ते इतके हसले की ठसका लागला. मी तो बनियनचा तुकडा सोडला आणि मला पहिलं तेच आठवलं.

तर तो बाहेर काढला. बाउलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, केक, म्हणजे कोळशाचा थर, अगदी त्यांच्या मापाचा, जेमतेम एक मिलिमीटर, सगळीकडून सारखा. स्टेम व्हल्कनाइटची, तिचा रंग पार गेलेला, शेवाळी तपकिरी, जिभेला लावली तर गंधकाची ती घाण चव. रबर गंधक घालूनच कडक केलेलं असतं त्यामुळे जुनं झालं, ऊन हवा लागली की हे होणारच. आणि डाव्या बाजूला त्यांच्या दातांची ती खोल खूण आहेच, पण बंड्या, उजव्या बाजूला पण एक खूण आहे. बारीक, ताजी. डावी दाढ काढली त्यानंतरची. दाढ काढल्यावर मी पाइप बंद केला असं त्यांनी तुला, मला, काकूंना, डॉक्टरला सगळ्यांना सांगितलं होतं ना? नव्हता केला. मी ती खूण अंगठ्याने चाचपत किती वेळ बसलो काय माहीत.

मग स्टेम काढायला गेलो तर ती निघेना. वर्षभराचं टार सुकून चिकटलेलं. जोर नाही लावला (तुझ्यासारखा मी नाही, यावर पुढे येतो). प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवला. अ‍ॅल्युमिनियमचा टेनन, म्हणजे स्टेमचं लाकडात बसणारं टोक, गारव्याने लाकडापेक्षा जास्त आकसतो, मग हलक्या हाताने पिळला की सुटतो. सुमाची बहीण बर्फ घ्यायला आली आणि फ्रीजर उघडून किंचाळली, तिला उंदीर वाटला. ते असो. स्टेम सुटली आणि आत इन्सर्ट होता, धूर गाळणारी ती लाकडी नळी.

त्यांचा शेवटचा इन्सर्ट. तसाच आत राहिलेला.

आपण इन्सर्ट म्हणायचो, तू तर फिल्टरच म्हणायचास, अप्पा मात्र कायम डिस्टिलेटर, कंपनीचा शब्द, तोही असा थाटात म्हणायचे की समोर प्रयोगशाळा उभी राहावी. रॉय ब्रिघमने 1906 साली टोरोंटोत पाइप दुरुस्तीचं दुकान काढलं तिथपासून त्यांची गाडी सुटायची ती मेपलच्या झाडावर जाऊन थांबायची. रॉक मेपल म्हणजे तोच शुगर मेपल, ज्याच्या चाळीस लिटर रसातून लिटरभर पाक निघतो, आणि त्याचंच लाकूड इतकं चिवट की बोलिंगच्या पट्ट्याला लावतात. छिद्रं अगदी बारीक आणि सारखी, म्हणून ओल हळूहळू पितं आणि धुऊन वाळवलं की पुन्हा तयार. हे मी झोपेत म्हणून दाखवीन.

तर मी तो चिमट्याने ओढून काढला. काडीएवढी मेपलची नळी, एका टोकाला धातूची टोपी. बाउलकडचं टोक काळं कुळकुळीत, मग तपकिरी, आणि ओठाकडे येता येता मधाच्या रंगाचं. वास घेतला आणि अप्पा खोलीत आले रे. लाटाकिया. तो धुरावर वाळवलेल्या पानाचा, जळक्या चामड्यासारखा वास, ज्यावरून काकूंनी त्यांना गॅलरीत हाकललं होतं. नाक मेलेलं असूनही मला आला.

आणि दिव्याखाली धरला तर टोपीच्या अलीकडे खाचा. तीन.

आता तुला कळलं मी का लिहितोय. पाच धुण्यांचा त्यांचा नियम. एकदा गरम पाण्याने धुतला, वाळवला की चाकूने एक खाच, पाच झाल्या की कचऱ्यात, सहाव्यांदा कधी नाही. तू एकदा त्यांच्या टेबलावरच्या वाळत घातलेल्या इन्सर्टवर गुपचूप दोन खाचा जास्त मारल्या होत्यास आणि ते आठवडाभर हिशेब जुळवत होते. तर इथे तीन खाचा आहेत. दोन धुणी शिल्लक आहेत. म्हणजे माणूस मधेच उठून गेला. डबा भरलेला, काडी हातात, आणि मधेच.

बारा दिवस झाले हे सगळं माझ्या टेबलावर आहे. खोका बारा दिवसांपूर्वी आला, स्टेम काढायचं धाडस काल झालं. आणि आता पुढे काय करायचं ते मला ठरवता येत नाहीये आणि तेवढ्यासाठी झोप जातेय, हसू नकोस.

नियमाने जायचं तर धुवायला पाहिजे. इन्सर्ट म्हणजे काही फोटो नव्हे फ्रेम करून ठेवायला, ती वापरायची वस्तू, आणि त्यांना वस्तू पडून राहिलेली अजिबात खपायची नाही. पण धुतला की वास गेला. कपभर गरम पाणी आणि दोन मिनिटं, संपलं. बाउलचं पण तेच. मीठ आणि अल्कोहोल भरून रात्रभर ठेवलं की सकाळी मीठ तपकिरी होतं आणि जुन्या तंबाखूचं भूत उतरतं, खरंच घोस्ट म्हणतात त्याला पाइपवाले, आपण अशी वीस भुतं उतरवली असतील. आणि आजपर्यंत भूत उतरलं की आनंद व्हायचा. हे भूत मला उतरवायचं नाहीये बंड्या.

बरं, न धुता तसाच ठेवला तर? तर तो पाइप ओढता येणार नाही, कारण दुसऱ्याच्या तोंडातला वर्षापूर्वीचा ओला इन्सर्ट लावून ओढण्याइतका मी अजून बिघडलेलो नाही. नवा इन्सर्ट घालून ओढावा, जुना डबीत ठेवावा, हा मधला रस्ता सुमाने सुचवला. शहाणपणाचा आहे. पण मग त्या दोन खाचा कायमच्या राहिल्या ना.

आणि तिसरी शक्यता तुझी. इन्सर्टच नको. मला माहितीये तू वाचता वाचता हेच म्हणणार. "लाकडातून धूर ओढायचा तर पेन्सिल पेटव" हे वाक्य तू अप्पांच्या तोंडावर बोललास आणि ते दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा मी कोणाचीच बाजू घेतली नाही, आज घेतो, त्यांचं बरोबर होतं. निदान त्या पाइपपुरतं तरी. त्याची नळी इन्सर्ट धरून मोठी केलेली आहे, तो काढला की हवा मोकाट सुटते, पान जळताना वाफ होतेच, ती गार शँकमध्ये, म्हणजे बाउल आणि स्टेममधल्या लाकडी दांड्यात, पाणी होऊन बसते आणि पाइप गुळण्या करायला लागतो. तुझा कायम गुळण्या करायचा, आठव. आम्ही सिनेमा बघत असलो की तू मागे बसून हुक्क्यासारखा आवाज काढायचास. चवीचं मात्र तुझं थोडं खरं होतं, हे मी आज कबूल करतो, मेपल कडवटपणा घेतो तशी वरची एक कडा पण घेतो, व्हर्जिनिया तंबाखूत ते लगेच कळतं. लाटाकियाला फरक पडत नाही. अप्पा लाटाकिया ओढायचे आणि तू व्हर्जिनिया, आणि दोघं एकाच गोष्टीवर भांडत होतात असं तुम्हाला वाटायचं.

बाल्साची पैज तर तू हरलासच. सविनेली पाइपच्या त्या तिकोनी फिल्टर-काड्यांवरून, बाल्सा हार्डवुड असूच शकत नाही, नखाने दबतं म्हणून तू पैज लावलीस. अरे हार्डवुड हे झाडाच्या जातीवरून ठरतं, फुलणारं झाड असलं की झालं, मऊ कडक याचा संबंध नाही. पैजेची रक्कम अजून आलेली नाही. आणि त्याच सविनेलीचा शँक तू तडकवलास, ओढून झाल्या झाल्या, गरम असताना स्टेम पिळून. मी चांदीची कडी बसवून घेतली, आता ती कडी मला इतकी आवडते की तडा नसता तर वाईट वाटलं असतं.

ब्रिघम मात्र मी कोणाकडे देणार नाही साफ करायला. अप्पांचा तो बुलडॉग घाटाचा पाइप मागे एकाकडे पॉलिशला दिला होता, त्याने चाकावर धरून असा घासला की शँकवरचा शिक्काच गेला, बाउलची कड पण गोल झाली. चकचकीत दिसतो, पण तो कोणाचाच पाइप राहिला नाही. अप्पा काही बोलले नाहीत, नुसता शँकवरून अंगठा फिरवत राहिले.

माझी तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, गुडघा तसाच. पाइप आता आठवड्यातून एकदाच, आणि डेंटिस्टला दर सहा महिन्यांनी तोंड दाखवतो, कारण इन्सर्ट ओल आणि थोडं टार अडवतो, बाकी जे वाईट आहे ते धुराबरोबर येतंच, त्या लाकडाच्या भरवशावर मी तुला कधीकाळी "काही होत नाही" म्हणालो होतो ते मी परत घेतो. तू सोडलास ते फार चांगलं केलंस. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

छकुलीचं अ‍ॅडमिशन झालं का? हॉस्टेल मिळालं म्हणून वहिनींनी सुमाला सांगितलं बहुतेक. तुझी बदली रद्द झाली हे पण कळलं, सुटलास. आईंना नमस्कार सांग, त्यांचं मोतीबिंदूचं झालं ना?

तर मी असं ठरवलंय, म्हणजे ठरवलंय असं नाही, तू हो म्हणालास तर. इन्सर्ट मी अजून धुतलेला नाही. काचेच्या छोट्या बाटलीत घालून बूच लावून ठेवलाय, वास जाऊ नये म्हणून. तू सुट्टीत इकडे ये. तुला ओढायचं नाहीये, मी पण त्या दिवशी ओढणार नाही. आधी दोघं बूच काढून वास घेऊ, हवा तेवढा वेळ. मग धुऊ. साध्या गरम पाण्याने, अल्कोहोल नको, ते लाकडात राहतं असं ते म्हणायचे. रात्रभर वाळू दे. सकाळी चौथी खाच. ती तू मार, तुला त्यांचं अंतर माहितीये, चोरून का होईना तू त्यांच्यासारखी मारलेली आहेस.

तुझा तो बारीक पात्याचा चाकू घेऊन ये. माझ्याकडचा जाड आहे, खाच रुंद पडते.

तुझा
नंदू

ता.क. काकूंना फोन कर. उजव्या बाजूच्या खुणेचं मात्र बोलू नकोस.