ऋण कोणाचं?

सांगली, १२ ऑगस्ट

प्रिय बापू,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. सहा पानं, पाठपोट, आणि अक्षर अजून हॉस्टेलवर होतं तसंच, शाईत बुडालेल्या मुंग्या कागदावर सोडल्यासारखं. उत्तराला उशीर झाला, कारण इथं सगळे पुन्हा एकच प्रश्न विचारत फिरतायत: "पाणी किती?" ऑगस्टात सांगलीत कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी तीस फुटांच्या आसपास आहे म्हणतात. कोयनेचं पाणी तुमच्याच सातारा जिल्ह्यातून खाली येतं, तेव्हा थोडा दोष तुझ्याकडेही जातो.

चांगलं वागायला देव लागत नाही असं तू लिहिलंस, आणि वर विचारलंस, "देव नसता तर तू चोऱ्या केल्या असत्यास का?" नाही रे. आणि तू तरी कुठं करतोस? गेली वीस वर्षं दारू सोडू बघणाऱ्यांच्या उशाशी बसतोस, त्यांच्या उलट्या काढतोस, त्यांच्या बायकांच्या शिव्या खातोस, आणि त्यात देवाचं नाव एकदाही नाही. मी दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा, आणि न्हाणीघराच्या फरश्या कर वाचवायला बिनपावतीच्या आणल्या. तेव्हा देव नसेल तर माणसं मोकाट सुटतील, हा मुद्दा मी मांडणारच नाही. व्यासपीठावरून तो ऐकला की मला लाज वाटते. बायबलात पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्याच अध्यायात म्हटलंय, की ज्यांना नियमशास्त्र मिळालंच नाही तेही स्वभावतः त्याप्रमाणे वागतात, कारण ते त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेलं असतं. म्हणजे इथं माझा ग्रंथच तुझ्या बाजूनं साक्ष देतो.

मग मला देव लागतो कशाला? हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

२०१९ चा पूर तुला आठवतो. तू टेंपो भरून भाकरी आणि औषधं घेऊन आला होतास. इथं धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तू येण्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, वीज नाही, नळ बंद, खाली जिन्याच्या नऊ पायऱ्या पाण्यात. तळमजल्यावरचं कुटुंब गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत येऊन राहिलेलं. आमच्याकडं पिण्याच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार होते. एक अर्धा झालेला, दुसरा सीलबंद, कॉटखाली. संध्याकाळी त्या घरातला मुलगा तांब्या घेऊन दारात आला. म्हणाला, "काका, आजोबांपुरतं द्या." मी स्वयंपाकघरात गेलो, अर्ध्या जारकडं बघितलं, परत आलो आणि म्हणालो, "आमचंच संपत आलंय रे." बायको भिंतीला टेकून उभी होती. काही बोलली नाही. कॉटवरची चादर जरा खाली ओढून घेतली, बस. मुलगा "बरं काका" म्हणून गेला. त्या रात्री त्यांनी पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी पातेल्यात धरून म्हाताऱ्याला पाजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली आणि आम्हा सगळ्यांना घेऊन गेली. नऊ दिवसांनी परत आलो, तर चिखलाचा वास, फुगलेली दारं, आणि कॉटखाली तो जार. सील तसंच.

आजोबा वर्षभरानं वारले. हृदयविकारानं. त्या पाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता तू म्हणशील, ही टोचणी म्हणजे संडेस्कूलचा संस्कार. असेल. पण बापू, पाढेसुद्धा आपल्याला छडी खाऊनच पाठ झाले. एकोणीस सक्कं किती हे मास्तरांच्या धाकानं डोक्यात बसलं, म्हणून ते एकशे चौदा व्हायचं राहत नाही. गोष्ट माझ्यात कशी शिरली हा एक प्रश्न, ती खरी आहे का हा दुसरा. तू पहिल्याचं उत्तर देतोस आणि दुसरा सुटला असं समजतोस. हॉस्टेलवरही तू वादात असंच करायचास.

माझी अडचण अशी. मी त्या म्हाताऱ्याचं देणं लागत होतो. म्हातारा गेला. त्याला कधी कळलंही नाही, म्हणजे त्याची तक्रारसुद्धा नव्हती. समाजाचं काही बिघडलं नाही, वीस लिटर पाणी सोडलं तर कुणाचं नुकसान नाही. तुझ्या हिशेबानं हे खातं बंद व्हायला हवं. ते होत नाही. देणं आहे, आणि घेणेकरी दिसत नाही.

एलिझाबेथ अँस्कम नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञ बाई होत्या, कॅथलिक. १९५८ साली त्यांनी एक खरमरीत निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, कायदा देणारा देव तुम्ही काढून टाकलात, पण 'केलंच पाहिजे' हा शब्द मात्र ठेवलात. फौजदारी कोर्टं मोडली, कायदा विसरला गेला आणि 'गुन्हेगार' हा शब्द तेवढा उरला, तसं हे. गंमत म्हणजे बाईंचा सल्ला तुझ्यासारख्यांना 'देव माना' असा नव्हता. तो शब्द टाकून द्या आणि अ‍ॅरिस्टॉटलसारखं माणसाच्या सद्गुणांबद्दल बोला, असा होता. पण तू तो शब्द टाकून देत नाहीस. बुवाबाजीबद्दल बोलताना तू 'हे गैरसोयीचं आहे' म्हणत नाहीस. 'हे पाप आहे' म्हणतोस, टेबलावर मूठ आपटून. मला तुझी ती मूठ पटते. ती आपटण्याचा अधिकार कुठून येतो, एवढंच विचारतोय.

आता तुझा हुकमाचा एक्का. प्लेटोच्या संवादातला युथिफ्रो. अथेन्सच्या कचेरीबाहेर सॉक्रेटिसाला भेटलेला तो शहाणा, स्वतःच्या बापावर खटला भरायला निघालेला. सॉक्रेटिसानं त्याला जे विचारलं ते तू मला दोनदा अधोरेखित करून विचारलंयस: देवाला आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं? पहिलं म्हणावं, तर देवाच्या लहरीवर सगळं. उद्या तो द्वेष करा म्हणाला तर द्वेष चांगला. आमच्यातल्या ओकमसारख्या चौदाव्या शतकातल्या धर्मपंडितानं हेही मान्य करून टाकलं होतं, की देव स्वतःचाच द्वेष करा अशी आज्ञा देऊ शकतो. मी तिथं जाणार नाही. दुसरं म्हणावं, तर देव म्हणजे आपल्या मार्केट यार्डातला अडत्या. हळद दुसऱ्याची, दलाली त्याची. मग थेट शेतकऱ्याकडंच का जाऊ नये?

मागच्या महिन्यात नातीच्या तंबोऱ्यासाठी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो होतो. कारागीर जवारी काढत होते, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासत होते. घोडीवर हलक्या हातानं कानस फिरवायची, फुंकर मारायची, तार छेडायची, पुन्हा कानस. अर्धा तास मला सगळं सारखंच ऐकू येत होतं. मग त्यांनी तारेखाली सुताचा दोरा किंचित पुढं सरकवला, आणि आवाज एकदम उघडला. "गंधार ऐका," म्हणाले. तंबोऱ्याला तारा चार. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. गंधाराची तार नाहीच. तरी तो स्वच्छ ऐकू येत होता, खर्जाच्या पोटातून. तो कुणी वाजवत नव्हतं, आणि बाहेरून आणून कुणी बसवलाही नव्हता. खर्ज म्हटला की त्यात तो असतोच.

तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसचं उत्तर मला त्या दुकानात पहिल्यांदा कानानं कळलं. देव चांगुलपणा ठरवत नाही आणि उसनाही आणत नाही. चांगुलपणा म्हणजे त्याचं असणंच. त्याच्या आज्ञा त्या असण्यातून निघतात, लहरीतून नाही. तू म्हणशील, ही शब्दांची कसरत झाली. थोडी आहे. उपमाही एका ठिकाणी तोकडी पडते, कारण गंधार कुणावर प्रेम करत नाही. म्हणून तर ख्रिस्ती माणूस 'देव प्रीती आहे' म्हणतो आणि त्रैक्याची ती अवघड भाषा सोडत नाही. जग नव्हतं तेव्हाही पिता, पुत्र आणि आत्मा यांच्यात प्रीती होती. प्रेम ही नंतर सुचलेली युक्ती असती, तर ती मोडीतही काढता आली असती.

बायबलातल्या अब्राहामाबद्दल मात्र मी हात टेकले. देवाचा म्हणून आलेला, त्याच्याच मुलाचा बळी मागणारा तो आवाज. शेवटी मेंढा सापडतो, सुरी थांबते, हे मला ठाऊक आहे, पण त्या डोंगराच्या वाटेवरचे तीन दिवस माझ्याच्यानं वाचवत नाहीत. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणाला होता, अब्राहामानं उत्तर द्यायला हवं होतं: मुलाला मारू नये हे मला पक्कं ठाऊक आहे, तू देव आहेस हे तितकं पक्कं नाही. आमच्या पाळकांना सांगू नकोस, पण मला कांटचं पटतं.

एक उलटा प्रश्न तुलाही. तू खटाव तालुक्यातला. फुल्यांचं मूळ गाव कटगुण तुझ्या घरापासून किती लांब? माणूस माणसाच्या बरोबरीचा आहे हे सांगताना जोतीरावांना 'निर्मिक', म्हणजे सगळ्यांना घडवणारा, का लागला? पोथ्या त्यांनी झुगारल्या, दलाल झुगारले, निर्मिक ठेवला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले म्हणून, असं तू म्हणशील, पण मिशनऱ्यांचं सगळं त्यांनी कुठं घेतलं? समता सोयीची आहे असं त्यांना म्हणताच आलं नसतं. सोय, रूढी, बहुमत, सगळं पलीकडच्या बाजूला होतं. त्यांना असा कुणीतरी हवा होता ज्याच्यापुढं पेशवाईसुद्धा कालची पोर ठरेल.

आणि आमची फुशारकी मारावी असंही काही नाही. पाया मिळाला म्हणून घर नीट बांधलं असं होत नाही. मला ठाऊक असलेल्या एका चर्चच्या मंडळीत आजही लग्न जमवताना 'त्यांचे मूळचे कोण' हे हळूच विचारतात. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेऊन आल्यावर विचारतात.

पुन्हा त्या जारकडं येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. राजा डावीकडच्यांना म्हणतो, मला तहान लागली होती, तुम्ही प्यायला दिलं नाही. ते विचारतात, प्रभू, तुला तहानेलं आम्ही कधी पाहिलं? लहानपणी वाटायचं, हे लोक ढोंग करतायत. आता कळतं, त्यांना खरंच आठवत नसणार. मला आठवतं. घेणेकरी दिसत नाही म्हटलं ना, तो इथं दिसतो. गच्चीवरच्या त्या खोलीत पत्र्याखाली बसलेला. माझा देव हिशेबाची वही घेऊन वर बसलेला असता, तर मी तुझ्यासारखा केव्हाच त्याला रामराम ठोकला असता. तो तांब्याच्या पलीकडच्या टोकाला आहे.

आता खरं काम. तो मुलगा अजून खालीच राहतो. त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी आहे, ती रोज आमच्याकडं येऊन टीव्ही बघते. मला भेटला की अजून "काका" म्हणतो. पाणी वाढायला लागल्यापासून रोज वाटतं, जाऊन सांगावं. बायको म्हणते, आता सांगून त्याचं मन कशाला कडू करता, तुमचं हलकं व्हावं म्हणून? तिचंही खरं आहे. पाळकांना विचारलं, ते म्हणाले प्रार्थना करा. केली.

म्हणून तुला विचारतोय. सांगू का त्याला? नीट विचार करून लिही, आणि या खेपेला दोनच पानं. राजवाड्यावरचे कंदी पेढे घेऊन स्वतःच आलास तर पत्राचीही गरज नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मास्तर

ता. क. आत्ताच कळलं, तेहेतीस फूट. सीलबंद जार तीन आणून ठेवलेत. या वेळी कॉटखाली नाही, जिन्यात.