पहिल्या हाताआधी थांबायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

रत्नागिरीच्या तुमच्या पडवीत सुरू झालेलं आमचं ब्रिजचं टेबल आता तुम्ही नसतानाही नीट चालतं. याचं श्रेय पूर्णपणे तुमचं आहे. हे पत्र उघड लिहितोय, कारण राजापूर, देवगड, गुहागरकडची मेंढीकोट नि लाडीस उत्तम खेळणारी मंडळी विचारत असतात की ब्रिजला सुरुवात कुठून करायची. तुम्ही आम्हाला दिलंत ते त्यांनाही मिळावं, आणि आभार नेमके कशाकशाचे हेही कळावं, म्हणून हा एवढा तपशील.

सगळ्यात मोठं ऋण एका वाक्याचं आहे. "उत्तर आल्यावर काय करणार ते ठरलं नसेल, तर प्रश्न विचारू नकोस." बोलीतली जवळजवळ प्रत्येक कन्व्हेन्शन (आधी ठरवलेल्या खास अर्थाची बोली) म्हणजे भिडूला विचारलेला प्रश्न, हे एकदा पक्कं झालं की पाठांतराची अर्धी कटकट संपते.

स्टेमनपासूनच बघा. भिडूने एक नो ट्रम्प (बिनहुकमी डाव) म्हटलं, म्हणजे त्याच्याकडे १५ ते १७ गुण आणि समतोल पानं आहेत (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, गड्डीत एकूण ४०). आपण दोन किलवर म्हटलं की तो प्रश्न होतो : इस्पिक किंवा बदाम, यांपैकी एखाद्या मेजर रंगात चार पानं आहेत का? दोन चौकट म्हणजे नाही, दोन बदाम म्हणजे बदामात चार, दोन इस्पिक म्हणजे इस्पिकात चार. बहुतेक जण एवढं सांगून थांबतात. तुम्ही पुढचं "का" सांगितलंत. चार-चारचा रंग नो ट्रम्पमध्ये जास्तीत जास्त चार हात देतो. तोच रंग हुकूम केला, तर एका बाजूच्या हुकमाने कापून घेता येतं, दुसऱ्या बाजूचे चार शाबूत राहतात आणि पाचवा हात निघतो. म्हणूनच आपली पानं चार रंगांत ४-३-३-३ अशी असतील तर स्टेमन विचारायचं नाही, कारण कापायला आखूड रंगच नाही. साधारण आठ गुण नसतील तरीही विचारायचं नाही, कारण दोन चौकट आलं तर दोन नो ट्रम्पमध्ये अडकू. याला एक अपवाद आहे. गुण नाहीतच, पण पानं ४-४-४-१ आहेत आणि एकटं पान किलवरचं आहे. तेव्हा बिनधास्त दोन किलवर म्हणायचं आणि जे उत्तर येईल त्यावर पास करायचं. इथे गुण शून्य असले तरी प्रत्येक उत्तराचं काय करायचं ते आधीच ठरलेलं आहे.

ट्रान्स्फरचंही तसंच. दोन चौकट म्हटलं की भिडूने दोन बदाम म्हणायचं, दोन बदाम म्हटलं की दोन इस्पिक. त्या मेजरची पाच पानं हवीत, गुण शून्य असले तरी चालतील. दुबळी पानं नो ट्रम्पमध्ये डमी (टेबलावर उघडी मांडलेली पानं) झाली तर एकही हात देत नाहीत, कारण तिथे पोचायला वाटच नसते. इस्पिक हुकूम झाला की तीच बारीकसारीक पानं कापण्याच्या कामी येतात. शिवाय भिडूची बलवान पानं झाकलेली राहतात आणि पहिली उतारी त्यांच्याकडे चालत येते, म्हणजे एक्का-राणी किंवा राजा-दुर्रीसारख्या जोड्या आयत्या सुरक्षित होतात. ट्रान्स्फरनंतर सात गुणांपर्यंत पास, आठ-नऊला दोन नो ट्रम्पचं आमंत्रण, दहाच्या वर तीन नो ट्रम्प म्हणून भिडूला निवडीची मुभा, आणि सहा पानं असतील तर सरळ चार.

घोटाळा होतो तो समोरची जोडी मध्ये बोलली की. एक जण ट्रान्स्फर चालू आहे असं समजतो आणि दुसरा ती बंद आहे असं. मग तीन पानांच्या रंगात डाव खेळायची वेळ येते. तुमचा तोडगा आम्ही अजून पाळतो : एक नो ट्रम्पवर डबल आली तर आपलं सगळं चालू, दोनच्या पातळीवर रंगाची बोली आली तर सगळं बंद. याहून बारीक पद्धती आहेत, पण भिडूच्या आणि आपल्या डोक्यात एकच असणं हे पद्धत उत्तम असण्यापेक्षा महत्त्वाचं, असं तुम्ही म्हणायचात. आम्हालाही ते पटलं आहे.

ब्लॅकवुड मात्र तुम्ही उशिरा शिकवलीत आणि ते फार बरं केलंत. चार नो ट्रम्प म्हणून एक्के विचारायची हौस नव्या माणसाला फार असते. न बोललेल्या रंगात आपली दोन बारीक पानं असतील, तर भिडूकडे एक्का आहे हे कळून उपयोग नाही, कोणता ते कळत नाही. एखाद्या रंगाचं पानच नसेल तरी तोच प्रकार. आणि किलवर हुकूम ठरला असेल, तर पाच चौकट हे उत्तर आपल्याला पाच किलवरच्या पलीकडे ढकलतं, परतीचा रस्ता राहत नाही. एक नो ट्रम्पवर थेट चार नो ट्रम्प हा एक्क्यांचा प्रश्नच नव्हे, तर "तुझ्याकडे १७ असतील तर सहा म्हण" असं आमंत्रण आहे. लहान स्लॅमला (तेरापैकी बारा हात) दोघांत मिळून साधारण ३३ गुण लागतात, हा हिशोब त्यामागे आहे.

आता पानं खेळण्याकडे. तुमचा नियम : डमी खाली आली की पहिलं पान डमीतून खेळण्याआधी हात मांडीवर. घेता येणारे हात मोजा, कमी किती पडतात ते बघा, ते कुठून येणार ते ठरवा, आणि मगच पान टाका. इथे मिनिटभर घालवलं तर कुणाची तक्रार नसते. पाचव्या हाताला थांबून उपयोग नसतो, तोवर डाव बहुधा गेलेला असतो.

तुम्ही वारंवार मांडून दाखवायचात तो डाव इथे देतो. आपण तीन नो ट्रम्प खेळतोय, म्हणजे नऊ हात करायचे. आपली पानं : इस्पिक एक्का-अठ्ठी-चौकी, बदाम एक्का-नव्वी-सत्ती-दुर्री, चौकट राणी-अठ्ठी-चौकी, किलवर एक्का-राणी-छक्की. डमी : इस्पिक सत्ती-पंजी, बदाम राजा-छक्की-चौकी, चौकट राजा-गुलाम-दश्शी-नव्वी-पंजी, किलवर राजा-अठ्ठी-तिर्री. डावीकडून उतारी इस्पिक छक्की.

रोख हात सहा : इस्पिक एक, बदाम दोन, किलवर तीन. हवेत नऊ. चौकटचा एक्का बाहेर काढला की तिथून चार मिळतात, म्हणजे डाव तिथेच आहे. प्रश्न एवढाच की एक्का घेणारा पुढे काय खेळेल.

आता अकराचा नियम. उतारी लांब रंगातलं वरून चौथं पान असेल, तर अकरातून त्या पानाचा आकडा वजा करा. उरेल तितकी त्याहून मोठी पानं बाकीच्या तिघांत मिळून असतात. अकरा वजा सहा, पाच. डमीत सत्ती, आपल्याकडे एक्का आणि अठ्ठी, ही झाली तीन. उजवीकडे छक्कीहून मोठी दोनच. उजवीकडून राणी पडते.

एक्का लगेच घेतला तर? चौकट खेळतो, उजवीकडचा एक्क्याने घेतो, इस्पिक परत खेळतो, आणि इस्पिकचे चार हात जातात. चौकटचा एक्का धरून पाच गेले, डाव एकाने बुडाला.

म्हणून सातचा नियम : आपली आणि डमीची त्या रंगातली पानं मोजा, सातातून वजा करा, उत्तर येईल तितक्या वेळा रोखून धरा. तीन आणि दोन पाच, सातातून पाच गेले दोन. राणीवर चौकी टाकायची. उजवीकडचा दश्शी परत खेळतो, त्यावर अठ्ठी. डावीकडून तिर्री पडते, आणि इथे डोळे उघडे हवेत. छक्की चौथं पान होतं आणि आता त्याखालचं तिर्री दिसलं, म्हणजे डावीकडे इस्पिक निदान पाच होते. बाहेर एकूण आठ, तेव्हा उजवीकडे जास्तीत जास्त तीन. तिसऱ्या वेळी उजवीकडून दुर्री येते, आपण एक्का घेतो आणि डमीतून एक बदाम टाकतो. आता उजवीकडच्याजवळ इस्पिक नाही. चौकटचा एक्का त्याच्याकडे असेल तर तो आपल्याला अपाय करू शकत नाही, आणि दहा हात होतात. एक्का डावीकडे असेल तर डाव कसाही खेळला तरी बुडतो, त्याची हळहळ करायची नाही. आणि इस्पिक चार-चार वाटले असते, तर इस्पिकचे तीन आणि चौकटचा एक्का एवढेच जाऊन नऊ झालेच असते.

नियम सांगून झाल्यावर तुम्ही तो कुठे मोडतो तेही दाखवायचात, आणि तीच खरी शिकवण. दुसऱ्या एखाद्या रंगात आपण इस्पिकपेक्षाही उघडे असू, तर रोखून धरण्यात धोका असतो, समोरचे तिकडे वळतात. तिथे एक्का लगेच घ्यायचा.

टक्क्यांचंही तसंच. रंगाची पाच पानं बाहेर असतील तर ती ३-२ वाटली जाण्याची शक्यता ६८ टक्के, चार बाहेर असतील तर ३-१ ची ५० आणि २-२ ची ४०, सहा बाहेर असतील तर ४-२ ची ४८ आणि ३-३ ची ३६. हे आकडे पाठ असावेत. दोघांत मिळून एका रंगाची नऊ पानं जमली आणि राणी बाहेर असेल तर फिनेस (राणी एका बाजूला आहे असं धरून खालचं पान लावणं) न करता एक्का-राजा खेळून ती पाडायची, हेही सगळे सांगतात. पण त्यात आणि फिनेसमध्ये फरक इतका थोडा आहे की बोलीतली एखादी बातमी तो उलटवते. डावीकडच्याने तीन बदामने सुरुवात केली, म्हणजे त्याचे सात बदाम. आपल्याकडे दोघांत मिळून चार असतील तर उजवीकडे दोन. डावीकडे बाकी रंगांसाठी सहा जागा उरल्या, उजवीकडे अकरा. इस्पिकची राणी उजवीकडे असण्याची शक्यता सतरात अकरा, साधारण ६५ टक्के. एक्का-राजा-गुलाम आपल्याकडे असतील, तर आधी एक्का खेळून बघायचा, मग डमीतून छोटं पान खेळून गुलाम लावायचा. नऊ पानांचा नियम इथे बाजूला ठेवायचा.

डिफेन्सबद्दल एकच लिहितो, कारण तेच सर्वाधिक उपयोगी पडलं. समोरच्यांची बोली एक नो ट्रम्प, तीन नो ट्रम्प, एवढीच झाली. डमी होणाऱ्याने स्टेमन विचारलं नाही, ट्रान्स्फर केली नाही, म्हणजे त्याच्याकडे मेजरची चार पानं बहुधा नाहीत. उतारी कोणती, याबद्दल दोन रंगांत शंका असेल तर मेजर खेळा. आणि भिडूचा रंग परत खेळताना उरलेल्या दोनांतलं मोठं पान खेळा, तीन उरली असतील तर सगळ्यात लहान. वरच्या डावात उजवीकडच्याने आधी दश्शी आणि मग दुर्री खेळली ती याचसाठी. भिडूला मोजता यावं म्हणून ही शिस्त, आणि डिक्लेररही (डाव खेळणारा) त्यातून मोजतोच.

शिष्टाचार तुम्ही खेळाइतकाच कडक शिकवलात. एकच पान असताना विचारात पडल्याचा आव आणायचा नाही. भिडू थबकला तर ते थबकणं आपण ऐकलंच नाही असं समजून बोली लावायची. समोरच्यांनी बोलीचा अर्थ विचारला तर आपला ठराव सांगायचा, अंदाज नाही.

आणि आपल्या किनाऱ्याचा म्हणून एक धडा. जुलै-ऑगस्टात कागदी पानं ओल धरतात, एकमेकांना चिकटतात, एकाकडे बारा नि दुसऱ्याकडे चौदा जातात. म्हणून पानं उचलल्यावर पालथीच तेरा मोजायची, मग बघायची. नियमपुस्तकही हेच सांगतं. प्लॅस्टिकची गड्डी घ्यायची, खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवायची. खाऱ्या हवेत यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

घरोघरी "पत्ते म्हणजे जुगार" हे ऐकायला मिळायचं तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा टेबलावर ठेवलीत : दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०. ज्या कोकणाने एवढी पानं लक्षात ठेवून खेळ केला त्याला बावन्नाची भीती कसली, असं विचारलंत. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्णपदक मिळवलं, हेही आई-वडिलांना सांगितलंत. त्यानंतर मुलांना टेबलावर बसू द्यायला सहसा कुणी हरकत घेतली नाही. याबद्दलचे आभार त्या मुलांच्या वतीनेही.

सोबत आमच्या कन्व्हेन्शन कार्डाची प्रत जोडली आहे. पाचव्या ओळीवर तुमचं मत हवंय : की-कार्ड ब्लॅकवुडला (हुकमाचा राजा पाचवा एक्का धरणारी ब्लॅकवुड) पाच किलवर म्हणजे शून्य किंवा तीन ठेवावं, की एक किंवा चार? टेबलावर दोन्ही बाजूंचे लोक आहेत. तुम्ही सांगाल ते शाईने लिहू, तोवर पेन्सिलीने शून्य-तीन लिहिलं आहे.

आपले नम्र,
शनिवारच्या टेबलावरचे सगळे